धर्माचा लेक

दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं कमरेला वाखाचा जुडगा बांधून बोटांतून धागा सोडत सोडत मागं चालत जायचं. त्रान्सितोचा नवरा गेल्यापासून चाकावर कोण, हे तिच्या घरातलं रोजचं रडगाणं होतं. शेजारची पोरगी यायची, पण तिचा अर्धा जीव रस्त्यावर. चाक कधी पळायचं, कधी झोपायचं, आणि दोराला मेल्या गाठीच गाठी. म्हणून त्या शुक्रवारी सकाळी तिचा तेयो अंगणात उभा राहून "आई, चाक मी धरतो" म्हणाला, तेव्हा तिनं आधी त्याला पोटाशी धरलं, मग कान पिरगाळला, आणि हे सगळं झाल्यावर तिच्या डोक्यात आलं की हा आलाय कशाला.

गावाला सांगायचं तर तेयो खाली किनाऱ्याकडे कापूस वेचायला गेला होता. सान तादेओ गावची अशी पुष्कळ पोरं कापूस वेचत होती. खरोखर इतका कापूस त्या देशात पिकला असता तर गरिबी औषधालाही उरली नसती. गावही शहाणं, कुणी विचारत नसे. वर डोंगरात बंडवाले, खाली सरकारी फौज, आणि मधे राहणाऱ्यांनी तोंडाला कुलूप लावून घेतलेलं. लढाई इतकी जुनी झाली होती की तिच्या आधीचं काही सांगायचं तर लोक नुसतं "तेव्हा" म्हणत.

तेयो चाक छान फिरवायचा, बापासारखं, एका चालीत. त्रान्सितो मागं मागं जात त्याला न्याहाळत होती. पोरगा वाळला होता, गळ्याची हाडं मोजून घ्यावीत. पण अंगात शर्ट मात्र कोरा पांढरा. डोंगरात कोण देतं असले शर्ट? आणि दर वेळी ती दोराचं टोक अडकवायला चाकापाशी परत आली की हा तोंड उघडायचा आणि मिटायचा.

"बोलून टाक," ती शेवटी म्हणाली. "तू पोटात ठेवलंस की इकडं माझा दोर बिघडतो."

तो चाकाकडे बघत म्हणाला, "धर्मबाबांचं काम माझ्यावर सोपवलंय."

काम म्हणजे काय, ते त्या मुलखात फोडून सांगावं लागत नसे. आसपासच्या गावांचे काही नगराध्यक्ष डोंगरवाल्यांनी गोळ्या घालून मारले होते. खुर्ची सोडा नाहीतर जीव सोडा, असा निरोप प्रत्येकाला गेलेला. सान तादेओचा अध्यक्ष कातारिनो. त्याला दोनदा निरोप आला, त्यानं दोन्हीदा मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कचेरी उघडली. आणि हा कातारिनो तेयोचा धर्मबाप.

धर्मबाप म्हणजे नुसतं मानलेलं नातं, असं कुणी समजू नये. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यानं पोराला हातावर धरलं तो त्याचा दुसरा बाप, आणि पोराच्या आईबापांचा तो कोंपाद्रे, आई त्याची कोमाद्रे. कातारिनो आणि त्रान्सितो लहानपणी एका डोहात उघडे डुंबलेले, एकमेकांच्या झिंज्या उपटलेले. पण तेयोच्या डोक्यावर पाणी पडलं त्या दिवसापासून अरे-तुरे बंद. कोंपाद्रेशी भांडायचं नाही, त्याच्यावर हात उचलायचा नाही. उचलणाऱ्याला मेल्यावर मातीसुद्धा ठेवून घेत नाही, असं जुनी माणसं सांगत.

"सगळ्या डोंगरात तूच सापडलास?" तिनं विचारलं.

त्यावर त्यानं जे सांगितलं ते ऐकून तिनं कमरेचा वाख सोडून ठेवला. अध्यक्षाच्या आजूबाजूला बंदूकवाला पहारेकरी असायचा. अनोळखी माणसाला तो चार हातांवर अडवायचा. पण धर्माच्या लेकाला कोण अडवणार? धर्मबाप दिसला की लेकानं छातीवर हातांची घडी घालायची, मान खाली करायची, आणि त्यानं डोक्यावर हात ठेवेपर्यंत तसंच उभं राहायचं, ही गावाची रीत. घडीखाली शर्टात पिस्तूल मावतं. रविवारी चर्च सुटल्यावर करायचं होतं.

"कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?"

"साबिनोच्या."

साबिनो म्हणजे आता डोंगरातल्या टोळीचा म्होरक्या, पण त्याआधी चर्चमध्ये शुभवर्तमान वाचणारा, पोरांना ओसरीवर बसवून अक्षरं शिकवणारा. तेयो त्याच्याकडेच वाचायला शिकला. आणि साबिनोला या जगात आणलं होतं त्रान्सितोनंच. पायाळू होता कार्टा, आईला दोन दिवस रडवलं होतं. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातांत जन्मली. तिला वाटलं, त्या दिवशी हात आखडता घेतला असता तर बरं झालं असतं, आणि असं वाटल्याबद्दल तिनं लगेच देवाची माफी मागितली.

दिवसभर मायलेकांचं तेच चाललं. दोर लांबला की ओरडून बोलता येईना, म्हणून बोलणं तुकड्यातुकड्यानं, ती चाकापाशी येईल तेव्हा. तेयो म्हणे, अध्यक्ष म्हणजे फौजेचा डोळा. ती म्हणे, असेल, पण फोडायला तुझंच बोट कशाला? तो म्हणे, मी नाही गेलो तर दुसरा जाईल. ती म्हणे, जाऊ दे की. आणि म्हणून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण दुसरा गेला तरी कातारिनो मरणारच होता. तेव्हा तिला नक्की हवं होतं काय? कोंपाद्रे जगावा, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर तिचा जीव अडकला होता पोराच्या हातात. ते हात रक्तानं भरू नयेत, आणि तेही त्या रक्तानं, एवढंच तिला दिसत होतं.

"तुला काय वाटतं ते सांग," ती म्हणाली. "साबिनोचं नको सांगूस."

"साबिनो बोलतो तेव्हा मला पटतं," तो म्हणाला. "मग मी झोपतो आणि धर्मबाबांनी मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली आठवते. मग सकाळी परत पटत नाही."

शनिवारी दुपारी साबिनो स्वतः आला, डोक्यावर मडक्यांची पाटी, विकायला आल्यासारखा. त्रान्सितोनं त्याला काही न विचारता वाढलं. लाल घेवड्याची उसळ, मक्याची भाकरी, वर चीजचा तुकडा. भुकेल्याला आधी घालायचं, मग बोलायचं, हा तिचा नियम. तो भुतासाठी मोडायचा नाही आणि म्होरक्यासाठीही नाही. साबिनोनं जेवणाआधी हात जोडले. तिला बरंही वाटलं आणि चीडही आली.

"उद्याचं देवाच्या कानावर घातलंस का?" तिनं विचारलं.

साबिनो चिडला नाही, तो चिडणाऱ्यातला नव्हता. त्यानं शांतपणे सगळं मांडलं. अमातेस नावाची वाडी होती वर, त्याचा भाऊ, भावजय, त्यांची चिल्लीपिल्ली तिथं राहत. एकदा फौजेच्या कॅप्टननं चौकात उभं राहून डोंगरातला धूर दाखवला आणि कातारिनोला विचारलं, ही चूल कुणाची. कातारिनोनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अमातेसवर तोफगोळे पडले. साबिनो आपल्या माणसांना पुरायला गेला, तेव्हा कुणाचं काय ते ओळखू येत नव्हतं.

"मी रागानं बोलत नाही, मावशी. राग असता तर केव्हाच आलो असतो. कातारिनो वाईट माणूस नाही. पण त्या खुर्चीत जो बसेल त्याला बोट दाखवावंच लागतं. म्हणून त्या खुर्चीत बसायचं कुणाचं धाडस होऊ नये."

"खुर्ची मारता येत नाही, म्हणून माणूस."

"शिपाई मरतो तेव्हा तू काही बोलत नाहीस."

"कोण म्हणतं? शिपायांचीही बाळंतपणं केलीयत मी. तिकडं मेला तरी रडते, फक्त दार लावून." ती भाकरी थापायची थांबली. "आणि मला धर्म शिकवू नकोस. हत्या करू नये, हे या ओसरीवर पोरांना तूच घोकवलंस."

"अमातेसची पोरंसुद्धा तुझ्याच हातांत जन्मली, मावशी," साबिनो हळू म्हणाला. "त्यांच्या वतीनं कुणी बोलायचं की नाही?"

त्रान्सितो तव्याकडे वळली, भाकरी करपली तरी तिला कळलं नाही. त्या पोरांची नावं तिला पाठ होती. दुसऱ्या कुणाचा पोरगा दुसऱ्या कुणा अध्यक्षावर जात असता, तर आपण कदाचित "बरी खोड मोडली" म्हणून जेवायला बसलो असतो, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं आणि आवडलं नाही. तेयो कोपऱ्यात पाटावर खाली मान घालून बसला होता. त्याच्याकडे बघितल्यावर तिला पुन्हा बोलता आलं.

"मग तूच जा. तुझी माणसं मेलीत, तुझा हक्क मोठा."

"मला त्याच्याजवळ कोण जाऊ देईल? तेयोला देतील."

"म्हणजे पिस्तूल तुमचं, पण मारायचं ते आशीर्वादानं," ती म्हणाली. "अरे, उद्यापासून या गावात कुठल्या धर्मबापाला पोराच्या डोक्यावर हात ठेवायला धीर होईल? तेवढं एक तरी धड राहू द्यायचं होतंत."

साबिनोनं हातातली भाकरी खाली ठेवली. तो उठून जाईल असं तिला वाटलं, पण तो बसून राहिला, आणि त्याचं तोंड पहिल्यांदाच दमलेलं दिसलं. ती संधी तिनं सोडली नाही. बुधवारी फौजेनं बसमधून गावची तीन पोरं उचलून नेली होती. सोमवारी कातारिनो छावणीवर जाऊन त्यांना सोडवून आणणार होता. कॅप्टन त्याच्याखेरीज कुणाच्या हाती देत नसे. त्यात एक तिच्या मैत्रिणीचा, पिलारचा होता, एकुलता एक. "ती पोरं घरी येऊ देत," त्रान्सितो म्हणाली, आणि तिनं साबिनोचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

साबिनोनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, मंगळवार. त्यापुढे त्याच्या हातात काही नव्हतं, हुकूम वरून आला होता. आणि जाता जाता पाटी डोक्यावर घेत त्यानं दुसरं सांगितलं. कातारिनोला वारं जरी लागलं, तरी वरचे विचारतील कुणी सांगितलं, आणि तेव्हा त्याला एकच नाव देता येईल. तेयोचं. हे सांगताना तो तिच्या नजरेला नजर देऊ शकला नाही.

झालं. इकडे आड, तिकडे विहीर. कोंपाद्रेला सावध करावं तर पोरगा जातो, गप्प बसावं तर पोरगा खुनी होतो. त्रान्सितो रविवारी चर्चमध्ये बसली ती पुतळ्यासारखी, फादर काय बोलला ते तिला कळलं नाही. बाहेर आल्यावर तिनं बघितलं, तेयो त्या पांढऱ्या शर्टात पायऱ्यांपाशी गेला, कातारिनोसमोर उभा राहिला, छातीवर हातांची घडी घातली आणि मान खाली केली. मंगळवार ठरलाय हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं त्या घडीवरून डोळे काढले नाहीत. पहारेकरी जांभई देत होता.

कातारिनोनं दोन्ही हात पोराच्या डोक्यावर ठेवले आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवले. "देव तुला भल्या माणसाचं आयुष्य देवो," तो म्हणाला, आणि मग तिच्याकडे वळून, "कोमाद्रे, लुसिलानं कोंबडी कापलीय. तुम्ही दोघं आला नाहीत तर ती मला कापेल."

लुसिला कातारिनोची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तेयो तिथं गेला की त्याच्या ताटात नेहमी मोठा तुकडा पडायचा. त्या दिवशीही पडला. कातारिनोनं पहारेकऱ्याला जेवायला घरी पाठवलं, जेवताना लुसिलाच्या रश्शाची थट्टा केली, फादरच्या खोकल्याची नक्कल केली, आणि सगळ्यांची ताटं रिकामी झाल्यावर हात पुसत अगदी सहज विचारलं, "तेयो, तुला निवडलंय ना?"

लुसिला कॉफीचं भांडं घेऊन दारात उभी होती, ती तशीच राहिली. त्रान्सितोच्या मनात आलं, मी नाही सांगितलं, देवा, तू साक्ष आहेस.

"कुणी काही सांगितलेलं नाही मला," कातारिनो म्हणाला. "पण कापूस वेचून आलेल्या पोराच्या हाताला ओरखडे असतात. तुझे हात बघितले मी आज. साबिनोची अक्कल असणार ही. हुशार पोरगा. मी त्याच्या जागी असतो तर मीसुद्धा तुलाच पाठवला असता."

तेयोनं शर्टाखालून पिस्तूल काढलं आणि टेबलावर ठेवलं. ते ताटलीला लागून खणखणलं. तो काही बोलायला गेला, पण कातारिनोनं त्याला थांबवलं. आज आपल्याला बोलायचं आहे, म्हणाला. आणि त्यानं अमातेसचं सांगितलं. साबिनोनं सांगितलं तेच, काही कमी नाही की जास्त नाही. कॅप्टननं विचारलं आणि आपण बोललो. वाटलं, शिपाई जातील, दमदाटी करतील, कोंबड्या उचलून आणतील. खोटं बोललो असतो तर कदाचित आपण मेलो असतो, कदाचित नसतोही. "तेव्हापासून लुसिला चूल पेटवते तेव्हा मी परसात जाऊन बसतो," तो म्हणाला. "मला वाटायचं, तिला कळत नाही."

"कळतं," लुसिला म्हणाली.

"तर मला मारावं की नाही यावर मी काही बोलणार नाही. माझ्याच मानेचा प्रश्न, मी काय न्याय करू? साबिनोकडे कारण आहे. त्यानं यावं, अमातेसचं नाव घ्यावं आणि करावं. पण तू नाही. एवढं मात्र मी बोलणार, तो माझा हक्क आहे. तुला हातावर घेताना फादरनं मला विचारलं होतं, या पोराला सांभाळशील का. हो म्हणून बसलोय."

तेयो टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मला जमायचंच नाही, धर्मबाबा, म्हणत राहिला, मी साबिनोला सांगतो, काय करायचं ते त्यांनी मला करावं. कातारिनो त्याच्या पाठीवर थापटत राहिला. मग त्यानं स्वतःचा बेत सांगितला. उद्या पोरं सोडवून आणायची, आणि तिथंच कॅप्टनला सांगून टाकायचं की आता वय झालं, उद्यापासून खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. आधीच का नाही सोडली? तर कॅप्टन विचारेल, कुणाला भिऊन सोडतोस, की कुणाच्या सांगण्यावरून? त्या प्रश्नाची त्याला डोंगरवाल्यांपेक्षा जास्त भीती वाटायची. पण आता सोडायची.

"मंगळवारी खुर्चीच रिकामी असली तर साबिनो मारणार कुणाला?" तो म्हणाला. "खुर्चीला घाल म्हणावं गोळी. तशीही ती डगडगते."

ते ऐकून त्रान्सितोला हसू आलं, आणि हसता हसता रडू. लुसिलानं सगळ्यांना कॉफी ओतली. त्या दिवशी घरी परतताना त्रान्सितोला इतकं हलकं वाटत होतं की वाटेत तिनं तेयोला त्याच्या लग्नाचं विचारलं.

सोमवारी दुपारी तिन्ही पोरं चालत गावात आली. एकटीच. कातारिनो मागून येतोय, म्हणाली, आणि आपापल्या घरात शिरून दारं लावून बसली. संध्याकाळी एका गाडीवानाला नदीच्या वळणावर कातारिनो सापडला. पाठीत गोळ्या होत्या. न्यायाधीश येऊन बघेपर्यंत प्रेत हलवायचं नाही असा कायदा. न्यायाधीश दुसऱ्या दिवशी येणार, म्हणून लुसिला रात्रभर नदीकाठी कंदील घेऊन बसली.

खरं काय ते त्रान्सितोला पिलारनं सांगितलं, मंगळवारी पहाटे, मागच्या दारानं येऊन. तिच्या पोरानं बघितलं होतं. कातारिनोनं कॅप्टनला खुर्ची सोडतो म्हणून सांगितलं. कॅप्टन हसला, पोरांना म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, अध्यक्ष कॉफी पिऊन येतील. पोरानं पुढं जाऊन वळून बघितलं, तर कातारिनोच्या मागून शिपायांची गाडी निघाली होती. "त्रान्सितो, हे कुणाला कळलं तर माझा पोरगा जाईल," पिलार म्हणाली. त्रान्सितोनं तिला क्रुसावर हात ठेवून शब्द दिला.

सरकारी रेडिओ म्हणाला, बंडखोरांनी मारलं. त्यात नवल नव्हतं. पण सकाळी डोंगरातला चोरटा रेडिओ लागला आणि तोही म्हणाला, आम्हीच मारलं, जनतेचा न्याय झाला. झालं असं होतं की साबिनोला बातमी लागली आणि त्याला वाटलं, तेयोनं दिवसाआधीच उरकलं. त्यानं तसं वर कळवून टाकलं, आणि पोराला धीर यावा म्हणून एका मडकीवाल्याकडून निरोपही धाडला. शाबास, म्हणून. तेयोनं तो निरोप ऐकला आणि मडकीवाल्याच्या तोंडावर दार लावलं.

गाव काही आंधळं नव्हतं. इतके महिने कापूस वेचणारा पोरगा शुक्रवारी नवा शर्ट घालून येतो, रविवारी धर्मबापाच्या घरी जेवतो आणि सोमवारी धर्मबाप नदीकाठी पडतो, या हिशेबाला पंडित लागत नाही. तोंडावर कुणी बोललं नाही. फक्त त्रान्सितो मीठ आणायला गेली तर दुकानदारीण आत निघून गेली, आणि पाणवठ्यावरच्या बायकांनी कळश्या अर्ध्याच भरून उचलल्या. तिचा पोरगा निर्दोष होता. ती यासाठीच झगडली होती, साबिनोशी, देवाशी, आणि तिला ते मिळालंही होतं. आता ते कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगावं तर पिलारचा पोरगा मरणार. तिला वाटलं, देवा, तू देतोस तेही असं देतोस.

दुपारी कातारिनोला आणायची वेळ झाली तेव्हा तेयो निघाला. तिनं त्याला दारात अडवलं.

"लोक फाडून खातील तुला."

"नाही गेलो तर मीच मारलं असं होईल."

"गेलास तरी तेच म्हणणार आहेत. डोंगरात परत जा. नाहीतर सीमा ओलांड. कुठंही जा."

"जाईन की. उद्या जाईन," तो म्हणाला. "पण त्यांना पोर नाही, आई. आज माझं काम आहे तिथं."

ती अडवायची थांबली. डोक्यावर फडकं घेऊन त्याच्यामागं निघाली, कारण फाडून खाणार असतील तर त्यांनी आधी तिच्यापासून सुरुवात करावी.

नदीवरून माणसांनी कातारिनोला दोरांच्या झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन आणलं. तेयो पुढं झाला तेव्हा खांदे देणाऱ्यांनी बांबू दुसऱ्या बाजूला वळवला. तो मागं राहिला. सगळ्या वाटेवर तो आणि त्याची आई गावाच्या मागून, मधे मोकळी जागा ठेवून चालली. ती जागा भरायला कुणी आलं नाही. लुसिलाच्या घरी प्रेत आत नेलं आणि माणसं फाटकात उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. कातारिनोचा मोठा भाऊ तेयोच्या पायापाशी थुंकला. तेयोनं पाय हलवला नाही. त्रान्सितोच्या जिभेवर सगळं खरं येऊन थांबलं होतं, कॅप्टन, गाडी, कॉफी, सगळं. समोर गर्दीत पिलार उभी होती, पांढरीफटक. त्रान्सितोनं ओठ दाताखाली धरले ते रक्त येईपर्यंत.

घराचं दार उघडलं. लुसिला बाहेर आली. बाह्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत ओले. रात्रभर नदीकाठी बसल्यानं तिचा आवाज बसला होता. तिनं फाटकातल्या माणसांकडे बघितलं, मग त्यांच्यापलीकडे तेयोकडे.

"कुठं होतास?" ती म्हणाली. "केव्हाची वाट बघतेय तुझी. चल आत. त्यांना आंघोळ घालायचीय, मला एकटीला उचलवत नाहीत."

कुणीच हललं नाही. लुसिला पायऱ्या उतरून आली, माणसांमधून वाट काढत फाटकाबाहेर आली आणि तिनं तेयोचा हात धरला, सगळ्यांदेखत, ओल्या हातानं. थुंकलेल्या भावाच्या समोरून ती त्याला घेऊन गेली. भाऊ बाजूला झाला. मग बाकीचेही झाले, एकेक करून, आणि एकानं टोपी काढली. त्याला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे.

त्रान्सितो फाटकाबाहेरच राहिली. पिलार गर्दीतून येऊन तिच्या शेजारी उभी राहिली, तिच्या दंडाला धरून. खिडकी उघडी होती. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, बादली सरकवल्याचा, आणि मग लुसिलाचा तो बसलेला आवाज, शिकवत असल्यासारखा: "हळू, बाळा. तो डावा गुडघा जपून धर. दुखायचा त्यांचा."

तेयो हो म्हणाला. त्रान्सितो तिथंच दगडावर बसली आणि आपल्या कोंपाद्रेसाठी मोठ्यानं रडली.